पालिकेचं वीजबिल आणि 'बचतीतून फेड' करार: संशोधन कुठं चाललंय, कोल्हापुरात काय चालेल?

पुईखडी_एक्स्प्रेस

नमस्कार मंडळी,

मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत विभागात शिकवतो. एम.टेक.ची एक विद्यार्थिनी प्रबंधाला विषय शोधतेय: सार्वजनिक संस्थांमधले ऊर्जा कामगिरी करार. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पालिका, सरकारी दवाखाना, विद्यापीठ यांच्याकडं नवे पंप, नवे दिवे घ्यायला पैसा नसतो. मग एस्को, म्हणजे ऊर्जा सेवा देणारी कंपनी, स्वतःचा पैसा घालून उपकरणं बदलते आणि वीजबिलात जी घट होईल तिच्यातून काही वर्षं आपली वसुली करते. बचत नाही तर पैसे नाहीत. कागदावर इतकं सोपं.

तिच्या निमित्तानं माझंही बरंच वाचन झालं. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं सगळा भर 'बचत किती झाली' यावर होता. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं ढीगभर प्रकल्पांची माहिती एकत्र केली. तिच्यातून दिसलं की तिथल्या एस्कोंचा मोठा धंदा कारखान्यांत नाही, पालिका, विद्यापीठं, शाळा आणि रुग्णालयांत आहे. २००७ मध्ये ससेक्स विद्यापीठाचे स्टीव्ह सॉरेल यांनी वेगळाच प्रश्न पुढं आणला: निविदा, मोजणी, वकील, देखरेख यांचा खर्चच बचतीला खाऊन टाकत असेल तर करार करावा कशाला? त्यानंतरचं बरंच लिखाण त्या वाटेनं गेलं. चीनमधून बचतीच्या वाटणीवर गेम थिअरीचे (दोन पक्षांच्या डावपेचांचं गणित) लेख धबधब्यासारखे येतायत. युरोपात वाद हिशेबाचा, म्हणजे हे पालिकेचं कर्ज धरायचं की नाही. अलीकडं स्मार्ट मीटर आणि मशीन लर्निंग.

माझं मत असं की यंत्रांचा प्रश्न कधीच सुटलाय. घोडं पेंड खातंय ते बेसलाइनपाशी (करारापूर्वी वीज किती लागत होती हे ठरवणं) आणि कंपनीला वेळेवर पैसे मिळण्यापाशी. आणि आपल्यासारख्या मध्यम शहरांवर या अंगानं फारच थोडं लिहिलं गेलंय. कोल्हापूर धरून काय करता येईल? पाणीउपसा, पथदिवे, सीपीआरसारखं रुग्णालय की विद्यापीठ? अनुभव सांगा. शिव्याही चालतील.

तांबडा_पांढरा

पहिला! 'पालिका' आणि 'कामगिरी' एकाच वाक्यात वाचून डोळे पाणावले. वाचतोय.

खासबाग_पैलवान

'कंपनी स्वतःचा पैसा घालणार आणि नंतर वसूल करणार' हे वाक्य कोल्हापुरात जरा जपून उच्चारा सर. टोल विसरला काय? रस्ते असेच झाले होते. अख्खं गाव रस्त्यावर उतरलं, एन. डी. पाटील सर त्या वयात मोर्चाच्या पुढं. २०१५ संपता संपता सरकारला टोल रद्द करायला लागला. आता काय दिव्याखालनं जायचा टोल?

पुईखडी_एक्स्प्रेस

@खासबाग_पैलवान, टोलमध्ये गाडीवाल्याच्या खिशातून नवा पैसा जात होता. इथं नागरिकानं नवीन काही भरायचं नाही. जे बिल महावितरणला जातंच आहे, त्यातलाच काही भाग कंपनीकडं वळतो.

खासबाग_पैलवान

ते कळलं हो. पण टोलचं भांडण नुसतं पैशाचं नव्हतं. काम किती झालं आणि कसलं झालं हे मोजायचं कुणी, हेसुद्धा होतं. शेवटी रस्त्यांचं मूल्यांकन करायला समिती बसवायची वेळ आली. तुमच्या करारात मोजणारा कोण? कंपनीचाच माणूस असंल तर राम राम.

लेखापाल_निवृत्त

पैलवान, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत लेखा विभागात होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, अशा बऱ्याच आहेत.

पथदिव्यांचा असाच करार झाला. बेसलाइन कशी काढली? खांबांची यादी, गुणिले वॅट, गुणिले तास. १५० वॅटचा सोडियम दिवा चोक धरून १७० वॅट, रात्रीचे ११ तास, म्हणजे वर्षाला ४,०१५ तास. एका दिव्याला साधारण ६८२ युनिट. त्याजागी ७० वॅटचा एलईडी, २८१ युनिट. शंभर खांबांमागं वर्षाला साधारण ४०,१५० युनिट वाचणार. हिशेबात चूक काढून दाखवा, नाही सापडणार.

पण शंभरातले तीस दिवे आधीपासून बंद होते! ते वीज खातच नव्हते. एलईडी आल्यावर शंभरच्या शंभर लागले. म्हणजे मीटरवर खरी घट किती? साधारण १९,७०० युनिट. निम्म्यालाही कमी. कंपनीनं देयक लावलं ४०,१५० वर, आणि करार वाचला तर कंपनी बरोबर होती, कारण करारात 'यादीप्रमाणे' असं लिहिलेलं. लेखापरीक्षणात आक्षेप आला की बिलात एवढी घट दिसत नाही, मग देयक कशाचं? ज्यांनी सही केली ते मुख्याधिकारी बदलून गेलेले. नव्यांनी देयक थांबवलं. कंपनीनं देखभाल थांबवली. हळूहळू दिवे बंद पडायला लागले.

मग मात्र बिलात खरी बचत झाली.

तांबडा_पांढरा

शेवटच्या ओळीला दंडवत काका __/\__

नलिनी_राजारामपुरी

लेखापाल काका, पण नागरिक म्हणून मला विचाराल तर तीस दिवे जास्त लागले हा फायदाच की. आमच्या बोळात रात्री क्लासवरून मुली येतात. तो उजेड कुणाच्या हिशेबात धरला?

लेखापाल_निवृत्त

ताई, कुणाच्याच नाही. हिशेबाच्या वहीत उजेडाला रकाना नाही. आणखी एक गंमत सांगतो. बिल कमी झालं की पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात वीज या शीर्षाखालची तरतूदच कमी होते. कंपनीचे पैसे द्यायचे त्याच बचतीतून, आणि ती बचत तर कापली गेलेली. ज्या खात्यानं वाचवलं त्याच्या हातात भोपळा.

अकोल्याचा_कोल्हापुरी

इतकंही निराश व्हायला नको. आमच्या अकोल्याचं उदाहरण या विषयातल्या जागतिक साहित्यात आहे. २००७ मध्ये अकोला महापालिकेनं साडेअकरा हजारांहून जास्त पथदिवे अशाच करारानं बदलले. तेव्हा एलईडीचा जमाना नव्हता, टी-५ नळ्या लावल्या. सगळा पैसा कंपनीचा, देखभालही तिचीच. बचत ५६ टक्के, गुंतवणूक ११ महिन्यांच्या आत वसूल. पडताळलेल्या बचतीतले ९५ टक्के सहा वर्षं कंपनीला. जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागानं त्यावर टिपण काढलं. आपण मात्र दाखले देताना आधी बर्लिनला पोचतो.

खासबाग_पैलवान

थांबा थांबा. ११ महिन्यांत पैसा वसूल, आणि ९५ टक्के सहा वर्षं? उरलेली पाच वर्षं काय मग?

अकोल्याचा_कोल्हापुरी

देखभाल, दिवे बदलणं, आणि बचत झाली नसती तर बुडण्याची जोखीम. २००७ मध्ये महापालिकेच्या भरवशावर पैसा घालायला किती कंपन्या रांगेत उभ्या होत्या? पालिकेनं स्वतःचा एक रुपया घातला नाही आणि ५ टक्के पहिल्या दिवसापासून मिळाले.

लेखापाल_निवृत्त

जोखमीला किंमत असते हे मान्य. पण परतावा इतका झटपट होता तर मुदत कमी करून मागायची अक्कल समोरच्या टेबलावर कुणाकडं तरी हवी होती. कंपनीकडं दहा करारांचा अनुभव, पालिकेचा हा आयुष्यातला पहिला. सौदा तिथंच तिरपा होतो.

सई_बर्लिन

बर्लिनचं नाव निघालंच म्हणून लिहिते, माहेर रुईकर कॉलनी :)

काका म्हणतात त्या तिरप्या सौद्यावरच इथं तोडगा काढलाय. १९९६ पासून बर्लिन शहर आपल्या इमारती एकेक करून देत नाही, गठ्ठा करून देतं. एका गठ्ठ्यात शाळा, कार्यालयं, पोहण्याचे तलाव, सगळं. चांगली बचत देणाऱ्या इमारतींबरोबर कंटाळवाण्याही कंपनीला घ्याव्या लागतात. आणि मधे शहराच्या बाजूनं बर्लिन ऊर्जा एजन्सी बसते, जिनं असे अनेक सौदे केलेत. तेराशेच्या वर इमारती झाल्या, बचत सरासरी पाव हिश्श्याच्या आसपास. असा मध्यस्थ असला की काय फरक पडतो यावर युरोपात आता बरंच काम होतंय.

सगळं गोड नाही. एक टीका वारंवार येते: कंपन्या दिवे आणि बॉयलरचं नियंत्रण बदलतात, कारण पैसा लवकर सुटतो. भिंती, खिडक्या, छत यांना कुणी हात लावत नाही. वरची साय खाऊन झाली की मोठ्या दुरुस्तीला पुढं कोणी उभं राहत नाही.

कर्जाचं सरांनी लिहिलंय ते असं. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१७ मध्ये नियम बदलले आणि २०१८ मध्ये युरोपियन गुंतवणूक बँकेबरोबर मार्गदर्शिका काढली. जोखीम आणि फायदा बऱ्याच अंशी कंपनीकडं असेल तर ते सरकारी कर्जात धरायचं नाही. कंटाळवाणा वाटणारा नियम आहे, पण पालिकांची कर्जमर्यादा भरलेली असते, त्यामुळं करार होणार की नाही हे पुष्कळदा तिथंच ठरतं. आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानं सार्वजनिक संस्थांना मिळून वर्षाला १.९ टक्के ऊर्जावापर घटवणं बांधून दिलंय, त्यामुळं आता गरज नाही म्हणायची सोय नाही.

जाता जाता: हाम्बुर्गमध्ये १९९४ ला शाळांसाठी फिफ्टी-फिफ्टी सुरू झालं. मुलांनी आणि शिक्षकांनी सवयी बदलून जे वाचवलं त्यातलं अर्धं शाळेलाच.

तांबडा_पांढरा

आमच्या वेळच्या मुख्याध्यापकांना हे कळलं असतं तर जून ते एप्रिल पंखे काढून कपाटात ठेवले असते.

गुरुजी_कागल

तांबडा_पांढरा, हसलो, पण खरं सांगू? जिल्हा परिषद शाळांत उलटा प्रश्न आहे. कित्येक ठिकाणी थकबाकीपायी वीजच तोडली जाते. जिथं मीटर बंद तिथं बेसलाइन शून्य. मग तुम्ही चांगले पंखे, चांगले दिवे, संगणक दिलेत तर बिल वाढणारच. या करारांच्या व्याख्येत ते 'अपयश'. जर्मनीतल्या शाळेला गरजेपुरती वीज आधीपासून होती, वाचवायला काहीतरी होतं. आमच्याकडं अजून पुरती वापरलेलीच नाही.

पुईखडी_एक्स्प्रेस

गुरुजी, याला साहित्यात दबलेली मागणी म्हणतात, आणि काकांचे तीस बंद दिवेही त्यातलेच. हवामान वित्ताच्या लिखाणात यावर चर्चा झालीय. तिथं 'सेवा पुरेशी असती तर किती वीज लागली असती' अशी बेसलाइन धरतात. कामगिरी करारांच्या लेखांत मात्र हे फारसं दिसत नाही, कारण बहुतेक लेख श्रीमंत देशांतून येतात. हा मुद्दा टिपून ठेवला.

भुदरगडचा_गडी

मला हे शेतीतनं कळतं. अमेरिकेत दोन नमुने चालतात म्हणून कुठंतरी वाचलेलं, वाटणीचा आणि हमीचा. वाटणीचा म्हणजे वाट्यानं रान लावणं, पीक आलं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं. हमीचा म्हणजे फाळा. पाऊस पडो न पडो, मालकाला ठरलेलं मिळालंच पाहिजे. आपल्या पालिकेनं फाळ्यानं द्यावं, डोक्याला ताप नाही.

मीटरवाला_शिरोली

गडी, उपमा झकास, पण एक फट आहे. फाळ्यात बी-खताचा खर्च कसणाऱ्याचा. हमीच्या नमुन्यात कर्ज सहसा मालकाच्या, म्हणजे पालिकेच्या नावावर असतं. कंपनी फक्त एवढी बचत होईल अशी हमी देते, कमी पडली तर फरक भरते. ज्या पालिकेला बँक दारात उभं करत नाही तिला हा नमुना कसा जमणार? म्हणून आपल्याकडं वाटणीचाच नमुना जास्त दिसतो, आणि सगळा भार कंपनीच्या ताळेबंदावर येतो. पाच-सहा करार झाले की छोट्या एस्कोची कर्ज काढायची ताकद संपते. यासाठी ऊर्जा दक्षता ब्यूरोनं जोखीम हमी निधी काढला, कर्जाच्या ५० टक्क्यांपर्यंत हमी. पण हमी असली तरी बँकवाला शेवटी विचारतोच, पालिका पैसे देईल का?

दिल्लीवाले_पाटील

त्या प्रश्नावर केंद्रानं काढलेलं उत्तर म्हणजे ईईएसएल. वीज मंत्रालयाच्या चार सरकारी कंपन्यांनी २००९ मध्ये उभी केलेली एस्को, संशोधनाच्या भाषेत 'सुपर एस्को'. दुबईची एतिहाद, सौदीची तर्शीद याच जातीच्या. ५ जानेवारी २०१५ ला घरगुती एलईडी बल्ब आणि पथदिवे अशा दोन्ही योजना एकाच दिवशी सुरू झाल्या. घाऊक खरेदीनं बल्बचा खरेदी दर २०१४ च्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ वर आला. पथदिव्यांत सुरुवातीचा खर्च ईईएसएलचा, पालिकेनं साधारण सात वर्षांत फेडायचा. विशाखापट्टणमला ऑक्टोबर २०१४ च्या हुडहुड वादळानंतर नव्वद हजारांवर दिवे बदलले गेले. देशभरात आकडा एक कोटीच्या पुढं गेला.

तरी घोडं अडलंच. कित्येक पालिकांनी हप्ते थकवले. सरकारी कंपनीचे पैसे थकतात तर खासगी एस्को कोणत्या आशेवर येणार? त्यात अभ्यासकांचा दुसरा आक्षेप: एवढा मोठा सरकारी खेळाडू मैदानात उतरल्यावर छोट्या एस्को वाढायच्या कशा? मला तो अर्धाच पटतो. ईईएसएल नसती तर भाव इतके पडले नसते.

रंकाळा_चौपाटी

सर, स्वतः पीएचडीच्या चिखलात आहे म्हणून विद्यार्थिनीसाठी विनंती. कृपा करून तिला 'संशोधनाचे कल' या नावाखाली आणखी एक शब्दनकाशा करायला लावू नका. डेटाबेसमधून काही हजार लेख उतरवायचे, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, रंगीत फुगे काढायचे, आणि निष्कर्ष काय तर 'चीनचे लेख वाढले आहेत, यापुढं अधिक संशोधनाची गरज आहे'. फुगे सुंदर दिसतात. त्यांतून पालिकेचा एक दिवा लागत नाही.

गेम थिअरीबद्दलही माझं रडगाणं आहे. त्या लेखांत दोन खेळाडू असतात: मालक आणि एस्को. दोघंही शहाणे, दोघंही आपला फायदा मोजणारे. पालिका हा एक खेळाडू आहे का? विद्युत विभागाला झंझट नको, लेखा विभागाला आक्षेप नको, नगरसेवकाला आपल्या प्रभागात जास्त दिवे हवेत, आयुक्तांची बदली दोन-तीन वर्षांत. आपल्या महापालिकेत नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासक. सात वर्षांच्या करारात समोरचा 'मालक' किती वेळा बदलला?

खासबाग_पैलवान

चौपाटी, लेख लिही यावर. नाव दे 'कोल्हापूर समीकरण'. नाद खुळा होईल.

मीटरवाला_शिरोली

आता मूळ प्रश्नाकडं. प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहे, सुरुवात शिरोलीच्या फौंड्र्यांतून. माझं मत पाणीउपशाला. कारणं सांगतो.

इमारतींत गोंधळ फार. रुग्णालयात दर वर्षी नवं यंत्र, नवा एसी. विद्यापीठात नवी इमारत. सगळ्या इमारतीच्या मीटरवरून बचत ओळखायची तर ती साधारण दहा टक्क्यांच्या वर असावी लागते, नाहीतर वर-खालीच्या गोंगाटात ती दिसतच नाही. संगणकावर इमारतीचं प्रारूप केलं तर अमेरिकेच्या ॲश्रे (वातानुकूलन अभियंत्यांची संघटना) मार्गदर्शिकेप्रमाणं मासिक आकड्यांत १५ टक्के आणि ताशी आकड्यांत ३० टक्के विचलन चालवून घेतात. आता बचत आठ टक्के आणि विचलन पंधरा, तर भांडायला केवढी जागा!

पाण्यात मात्र निसर्गाचा नियम आपल्या बाजूनं. दहा लाख लिटर पाणी एक मीटर वर चढवायला २.७२५ युनिट लागतात. कमी लागूच शकत नाहीत. साठ मीटर चढवायचं असेल तर १६३ युनिटच्या वर. तुमचा पंप ३०० घेत असेल तर जवळजवळ निम्मी वीज वाया. दहा लाख लिटरमागं किती युनिट, या एकाच आकड्यावर करार बांधता येतो. पाणी जास्त उपसलं तरी भांडण नाही.

आता मेख. पाणी किती उपसलं हे माहीत कुणाला? मी पाहिलेल्या बऱ्याच उपसा केंद्रांवर प्रवाहमापक एकतर बंद, नाहीतर त्याच्या काचेवर इतकी धूळ की आकडा पुसून वाचावा लागतो. लॉगबुकात पंपचालक तासातासाला व्होल्टेज, अँपिअर, प्रेशर गेज लिहितो, गेजचा काटा चार महिने त्याच आकड्यावर. मग पाणी काढतात पंपाच्या पाटीवरच्या क्षमतेला तासांनी गुणून. पंप झिजलेला, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा दाबलेला, आणि पाटी मात्र नव्या नवरीसारखी. काकांच्या खांबांच्या यादीचाच हा धाकटा भाऊ.

आणि कोल्हापूर म्हटल्यावर आणखी तीन गोष्टी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, बालिंगा-शिंगणापूरची केंद्रं पुराच्या पाण्यात, उपसा बंद. दुसरं, एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल नुसत्या युनिटऐवजी केव्हीएएचवर गेलं, त्यामुळं आधीची आणि नंतरची बिलं सरळ शेजारी ठेवून चालत नाही, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खरी कामाला किती आली याचं प्रमाण) मधे येतो. तिसरं, नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी आलं, म्हणजे उपशाची जागा आणि उंचीच बदलली. आता सांगा, बेसलाइन कुठल्या वर्षाची?

नलिनी_राजारामपुरी

हे वाचून कळलं की आमच्या नळाला पाणी येतं हाच चमत्कार आहे.

दिल्लीवाले_पाटील

मीटरवाले, म्हणूनच आता मोजणीची नवी पद्धत पुढं येतेय. वर्षातून एकदा माणूस पाठवून मोजण्याऐवजी दर पंधरा मिनिटांचा डेटा आपोआप येतो, बेसलाइन संगणक सतत दुरुस्त करत राहतो. मोजणीचा खर्च घटला की सॉरेल यांचा जुना आक्षेपही सौम्य होतो.

लेखापाल_निवृत्त

पाटील, संगणकानं दुरुस्त केलेली बेसलाइन मी लेखापरीक्षकासमोर ठेवली तर तो विचारणार, सही कुणाची आहे? मशीन लर्निंग सही करतं का? मला तीन रकान्यांचा कागद द्या जो कारकुनाला कळेल. अचूक नसला तरी चालेल.

सई_बर्लिन

काका, हे गमतीत घेऊ नका, इथंही हीच चर्चा आहे. अचूक पण कुणाला न उलगडणारी पद्धत, की ढोबळ पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली? आकडा आधी वाटाघाटीत ठरवून टाकायचा, वाद नको, असाही एक पंथ आहे.

खासबाग_पैलवान

आणि वाद झालाच तर आता मुंबईला हेलपाटे नकोत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या गावात. करा बिनधास्त करार!

पुईखडी_एक्स्प्रेस

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पथदिवे सोडले, त्यात पोस्टर-प्रदर्शनासारखे लेख आधीच भरपूर आहेत. पाणीउपसा नक्की. विषय साधारण असा: पूर, बिलपद्धतीतला बदल आणि पाण्याचा स्रोत बदलणं, हे तिन्ही झेलेल अशी बेसलाइन, आणि तीसुद्धा काकांच्या तीन रकान्यांत बसणारी. विद्यार्थिनीलाच इथं खातं उघडायला सांगितलंय.

नवी_सदस्य_विद्युत

नमस्कार, मीच ती. सगळा धागा दोनदा वाचला. लेखापाल काका, मीटरवाले दादा, दोन शंका आहेत. प्रवाहमापक बंद असेल तर पाणी मोजायचं कसं? आणि पुराचे महिने आकडेवारीतून वगळायचे का? लेखांमध्ये 'अपवादात्मक घटना' म्हणून सरसकट वगळलेले दिसतात.

मीटरवाला_शिरोली

स्वागत! मापक नसला तर साठवण टाकी गाठ. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह अर्धा तास बंद ठेवायला सांग, पंप चालू ठेव, टाकीतली पातळी किती चढली ते टेपनं मोज. टाकीचं क्षेत्रफळ गुणिले चढ, झालं पाणी. त्याच अर्ध्या तासाचं मीटर रीडिंग घे. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, कारण नदीची पातळी बदलली की चढही बदलतो. पाणी सोडायच्या वेळेत जाऊ नकोस, पेठेतल्या बायका घागरी घेऊन तुझ्यावर येतील.

पुराचे महिने वगळ. पंपच बुडालाय तर कार्यक्षमता कशाची मोजणार?

लेखापाल_निवृत्त

बाळ, मी उलट सांगेन. वगळू नकोस. सात-दहा वर्षांच्या करारात पंचगंगा एकदा तरी पात्राबाहेर येणार. त्या महिन्यात कंपनीला पैसे द्यायचे की नाही, बुडालेली मोटर कुणाच्या खर्चानं रिवाइंड करायची, विमा कुणाचा, हे करारात नसेल तर देयक अडकणार तिथंच. आकड्यांच्या तक्त्यातून काढ हवं तर, पण प्रबंधात त्यावर वेगळं प्रकरण लिही. आणि बिलं मागताना नुसती रक्कम मागू नकोस, बिलाची मागची बाजूही माग. मागणी आकार, पॉवर फॅक्टर, थकबाकीवरचं व्याज सगळं तिथं असतं. लोक व्याजासकट रक्कम धरतात आणि तिलाच वीज समजतात.

मीटरवाला_शिरोली

काका, विम्याचं पटलं. पण तक्त्यात ते महिने ठेवायला माझा विरोध कायम.

नवी_सदस्य_विद्युत

मग दोन्ही करते. तक्ता एकदा पुरासकट, एकदा पुराशिवाय. फरक किती येतो तो इथंच टाकीन.

तांबडा_पांढरा

टाक नक्की. तोवर काका आणि मीटरवाले यांच्यात पैज लावा, हरणाऱ्यानं सगळ्यांना मिसळ. कट जास्त.